वर्गात नाट्यखेळ: डफाच्या थापेपासून कोंढाण्याच्या कोठारापर्यंत

शाळेत नाटक म्हटलं की स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर येतं. महिनाभर तालमी, पाठ केलेले संवाद, पाच-सहा चुणचुणीत मुलं पुढे आणि बाकीची मागे झाडं किंवा गावकरी होऊन उभी. वर्गातले नाट्यखेळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना प्रेक्षक लागत नाहीत, पाठांतर लागत नाही, सगळा वर्ग एकाच वेळी खेळतो. आणि तास संपतो तेव्हा सम-विषम संख्या, वाक्प्रचार किंवा पुरंदरचा तह मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो.

मराठीत बालनाट्याची परंपरा चांगली भक्कम आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर उभं केलं, पुढे रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी सातत्याने नाटकं केली. पण ती परंपरा मुलांना नाटक दाखवण्याची आणि त्यांच्याकडून ते बसवून घेण्याची. वर्गातल्या खेळात नाटक हे हत्यार आहे, धडा हे काम. दोन्हींची गल्लत झाली की शिक्षक 'जोरात बोल', 'इकडे तोंड कर' असं सांगत बसतात आणि शिकवायचं राहून जातं.

पुढचं सगळं तिसरी ते सहावीतली ३० मुलं आणि ३५ मिनिटांची तासिका धरून लिहिलं आहे.

तासाआधीची तयारी

आधी वहीत एक वाक्य लिहा: 'हा खेळ झाल्यावर मुलाला काय सांगता किंवा करता यायला हवं?' हे वाक्य सुचत नसेल तर तो खेळ त्या तासाला घेऊ नका, मैदानावर घ्या. 'मुलांचा आत्मविश्वास वाढेल' हे वाक्य चालणार नाही. 'दिलेल्या सहा वाक्प्रचारांपैकी चारांचा वाक्यात उपयोग करता येईल' हे चालेल.

मग जागा. ३० मुलं गोलात उभी करायची आणि दोघांमध्ये दोन फूट अंतर ठेवायचं तर गोलाचा घेर ६० फूट होतो, म्हणजे व्यास १९-२० फूट. बाकं असलेल्या वर्गात एवढी जागा सहसा निघत नाही. तेव्हा बाकं दोन भिंतींना लावून एकात एक असे दोन गोल करा: १२ मुलं आत बसलेली, १८ बाहेर उभी. व्हरांडा वापरायचा असेल तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. बाकं हलवायला पहिल्यांदा सात-आठ मिनिटं जातात. कोणतं बाक कोण उचलणार हे ठरवून दिलं की तिसऱ्या-चौथ्या तासापर्यंत हेच काम दोन मिनिटांवर येतं.

सामान थोडंच: एक डफ किंवा खंजिरी, खडू, एक उपरणं, कोऱ्या चिठ्ठ्या. पोशाख, दाढी-मिशा, पुठ्ठ्याच्या तलवारी नकोत. तलवार हातात आली की मुलगा विचार करायचा थांबतो आणि ती फिरवायला लागतो.

पहिला तास फक्त खुणेचा

सर्वात जास्त वर्ग इथेच फसतात. मुलं उत्साहात येतात, गलका होतो, शिक्षक 'शांत बसा' म्हणून ओरडतात आणि 'आमच्या मुलांना हे जमत नाही' असं ठरवून मोकळे होतात. खरं कारण साधं आहे: थांबायची खूण शिकवलेलीच नसते. तीस गळ्यांपुढे एका गळ्याचा पाड लागत नाही, म्हणून खूण आवाजाची नको, डफाची हवी.

एक थाप म्हणजे गोठायचं, विषामृतात 'विष' म्हटल्यावर गोठतात तसं. दोन थापा म्हणजे पुन्हा सुरू. मुलांना विषामृत आणि स्टॅच्यू आधीच येत असतं, त्यामुळे समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. जागेवर उभं राहून हात हलवायला सांगा, थाप द्या. मग जागेवर उड्या, थाप. मग बोलता बोलता थाप. तिन्ही वेळा सगळा वर्ग दोन सेकंदांत गोठला की मगच चालायला सांगा. ऐकू कमी येणारं मूल असेल तर थापेबरोबर उपरणं उंच धरा. सगळा वर्गच मग ते बघायची सवय लावून घेतो.

चालताना सूचना नेमकी हवी. नुसतं 'फिरा' म्हटलं की देवळाभोवती प्रदक्षिणा घालावी तशी मुलं एकाच दिशेने गोल फिरतात आणि वेग वाढत जातो. त्याऐवजी 'जिथे जागा रिकामी दिसेल तिकडे चाला' असं सांगा. धावाधाव सुरू झालीच तर 'धावू नका' म्हणण्यापेक्षा 'आता कमरेएवढ्या पाण्यातून चालताय' म्हणा. हळू चालणं मुलांना आवडतं, कारण ते अवघड असतं.

नियम तीनच सांगा, फळ्यावर लिहून ठेवा. थाप पडली की गोठायचं. विचारल्याशिवाय कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आणि कोणालाही, कधीही, कारण न सांगता टाइमप्लीज घेता येईल. हा तिसरा नियम शिक्षकांना धोकादायक वाटतो. पहिल्या दोन तासांत काही मुलं तो मुद्दाम वापरून बघतातही. टाइमप्लीज घेतलेल्या मुलाला भिंतीशी बसून खेळ बघू द्या, त्याच्यावर काही बोलू नका. बहुतेक मुलं पाचेक मिनिटांत आपणहून परत येतात.

तळ्यात-मळ्यात: बाद न करता

जमिनीवर खडूने लांब रेघ मारा. रेघेच्या एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला मळा. आता तळं म्हणजे सम आणि मळा म्हणजे विषम. तुम्ही '४७' म्हणालात की मुलांनी उडी मारायची. याच रेघेवर नाम आणि क्रियापद, सजीव आणि निर्जीव, र्‍हस्व आणि दीर्घ असं काहीही घेता येतं.

मूळ खेळात चुकला तो बाद होतो. वर्गात हा नियम काढून टाका. ज्याला सम-विषम येत नाही तो पहिल्याच मिनिटाला बाद होऊन कडेला बसतो आणि ज्याला येतं तो दहा मिनिटं सराव करतो. हे उलटं झालं. त्याऐवजी चूक झाली तरी मूल रेघेवरच राहील, फक्त आपल्या बरोबर उड्या बोटांवर मोजेल.

दुसरी अडचण अशी की मुलं शेजाऱ्याकडे बघून उडी मारतात. हुशार मुलगी हलली की पाठोपाठ दहा जण हलतात. उपाय: शब्द उच्चारल्यावर तीन सेकंद कोणीही हलायचं नाही, डोळे मिटायचे, उडी थापेवरच. डोळे मिटून रेघेच्या या किंवा त्या बाजूला एक छोटी उडी एवढंच, लांब नाही. शब्द २० ते २५ पुरे. त्यातले पाच-सहा असे ठेवा की वर्ग दुभंगेल. उदाहरणार्थ सजीव-निर्जीवमध्ये 'बी', 'लाकडी दांडा', 'दही'. अर्धा वर्ग तळ्यात आणि अर्धा मळ्यात उभा राहिला की दोन्हीकडच्या एकेकाला कारण विचारा. खरा धडा त्या क्षणी सुरू होतो, म्हणून तिथे घाई करू नका.

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. तिथल्या वर्गांतही सुरुवातीला हाच खेळ घ्यावा. मराठी ऐकून कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं, अशा मुलाला इथे बोलावं लागत नाही, ऐकून उडी मारावी लागते. चार-पाच तासांनंतर शब्द सांगायचं काम, म्हणजे राज्य, त्याच्यावर द्या. राज्य हवंहवंसं असतं, म्हणून ते घेताना मराठी शब्द आपोआप तोंडून निघतो.

वाक्प्रचारांचे पुतळे

पाच-पाच मुलांचे सहा गट करा. गट पाडण्यासाठी १ ते ६ आकडे मोजायला लावा. मित्र-मित्र असा गट नको, कारण उरलेल्या चौघांचा एक नकोसा गट तयार होतो आणि ते सगळ्यांना दिसतं.

प्रत्येक गटाला एक चिठ्ठी: पोटात कावळे ओरडणे, तोंडात बोट घालणे, कानाला खडा लावणे, पाठीशी उभे राहणे, आभाळ कोसळणे, तोंडाला पाने पुसणे. प्रत्येक गट दोन पुतळे करतो. पहिला शब्दशः: एक मुलगा पोट धरून बसलाय आणि चौघं कावळे होऊन त्याच्याभोवती चोची उघडून आहेत. दुसरा अर्थाचा: दुपारची सुट्टी व्हायला वेळ आहे, घड्याळाकडे डोळे, एकीचा हात हळूच डब्याच्या झाकणावर. पहिला पुतळा पाहून वर्ग वाक्प्रचार ओळखतो, दुसरा पाहून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो. अर्थ फळ्यावर लिहायचा तो मुलांच्या तोंडचा.

तयारीला पाच मिनिटं दिली तर साडेचार मिनिटं कावळा कोण होणार यावर वाद होतो. म्हणून पहिला पुतळा दहा अंक मोजेपर्यंत तयार व्हायलाच हवा. कसाही होवो. मग 'आता याच्यात एक गोष्ट बदला' म्हणून अर्धा मिनिट द्या. घाईत केलेलं सुधारणं मुलांना सोपं जातं. शून्यातून ठरवणं अवघड जातं.

दुसरी नेहमीची अडचण: गटातला एक जण सगळ्यांना हाताला धरून उभं करतो, बाकीचे बाहुल्या. अशा वेळी दुसरा पुतळा न बोलता करायला लावा. बोलणं बंद झालं की हुकूम सोडणाऱ्याची सत्ता संपते आणि गप्प मूल आपली जागा आपण शोधतं.

पुतळा उभा असताना तुम्ही जवळ जा आणि एकाच्या डोक्याच्या वर हात धरा, अंगाला न लावता. त्याने त्या पात्राच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. 'अजून दोन ओळी लिहायच्यात आणि बाई घड्याळच बघत नाहीयेत.' असं वाक्य आलं की वाक्प्रचार त्या मुलाला कळला, त्याची वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. कोणाला काहीच सुचलं नाही तर दोन सेकंद थांबून शेजारच्याकडे हात न्या. 'बोल ना, बोल ना' म्हणू नका.

कोंढाणा खाली करायचा आहे

चौथीच्या मुलांना शिवचरित्र असतं. त्यातला पुरंदरचा तह वाचून मुलांना आकडे पाठ होतात: २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला, १२ किल्ले राखले. पण किल्ला 'देणं' म्हणजे काय, हे आकड्यात दिसत नाही. त्यासाठी भूमिकेतला खेळ. शिक्षकाने स्वतः सोंग घेऊन गोष्टीच्या आत शिरायचं ही पद्धत इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डोरोथी हीथकोट यांनी रूढ केली आणि ती आपल्या वर्गात फार चांगली चालते. मात्र याला दोन सलग तासिका लागतात. एकीत उरकायला जाऊ नका.

तहात दिलेल्या किल्ल्यांपैकी एक कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड. जमिनीवर खडूने तो गड आखा. पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा, देवटाकं, कोठार, तट. मुलांची कामं वाटा: सहा जण कोठारात, त्यांच्यात एक कारखानीस, म्हणजे कोठाराचा हिशेब सांभाळणारा. सहा जण सबनिसाच्या दफ्तरात, माणसांची आणि जमाखर्चाची नोंद ठेवणारे. दहा जण तटावर पहाऱ्याला. आठ जण घेऱ्यातल्या, म्हणजे गडाच्या पायथ्याभोवतीच्या, वाड्यांवरचे, गवत, लाकूड, दूध गडावर पोचवणारे.

शिवाजी महाराजांची भूमिका कोणालाही द्यायची नाही. ती दिली की तिच्यासाठी भांडण होतं, मिळालेला मुलगा आदराच्या दडपणाखाली पुस्तकातली वाक्यं बोलतो आणि बाकीचे २९ जण प्रेक्षक होतात. किल्लेदारही ठेवू नका. 'किल्लेदार गड उतरून गेले आहेत' असं सांगा, म्हणजे निर्णय मुलांवर येतो. आणखी एक बारीक गोष्ट: कोठारातल्या 'दारू'चा अर्थ बंदुकीची दारू असा आधीच सांगून ठेवा. नाहीतर ऐन वेळी हशा पिकतो आणि सगळा प्रसंग वाया जातो.

पहिली पाच मिनिटं नुसतं काम. गोणी उचलणं, नोंद लिहिणं, तटावरून खाली बघणं, सगळं मूकपणे. तुम्ही फिरत राहा आणि प्रश्न विचारा, पण परीक्षेचे नव्हे. 'नाचणी किती दिवस पुरेल?' 'कालच्या पावसात कोठार गळलं का?' 'खालून दूध आणताना कोणत्या दरवाज्याने येता?' मुलं जी उत्तरं देतील ती खरी धरा. कोठारातली एखादी मुलगी 'चाळीस दिवस पुरेल' म्हणाली की ती कोठाराची जबाबदार झाली.

थाप. उपरणं खांद्यावर टाका. ते खांद्यावर असेपर्यंत तुम्ही जासूद, म्हणजे निरोप आणणारा, काढलं की बाई किंवा सर. जासूद दमलेला आहे, घडी केलेला कागद काढतो आणि एवढंच सांगतो: 'तह झाला. गड मोगलांच्या हवाली करायचा हुकूम आहे. मला एवढंच ठाऊक आहे.' जासूदच का? कारण त्याला जास्त माहिती नाही. शिक्षक सेनापती झाला तर मुलं पुन्हा हुकमाची वाट बघतात. त्याला काहीच ठाऊक नसलं की मुलांनाच विचार करावा लागतो.

आता अडचणी मांडा, एका वेळी एक. महिना जूनचा, पाऊस लागलेला. धान्य खाली न्यायचं की सोडायचं? बंदुकीची दारू भिजली तर? सबनिसाची दफ्तरं कोणाकडे द्यायची? वाडीवरच्यांनी कुठे जायचं, त्यांची शेतं तर इथेच आहेत. पहारेकऱ्यांना अचानक उमगतं की आपल्याला निघून जाता येईल, पण वाडीवरच्यांना नाही. या जागी वर्ग शांत होतो. ती शांतता मोडू नका.

हमखास होणारी गोष्ट: चार-पाच मुलं 'आम्ही लढणार, गड देणार नाही' म्हणतात. त्यांना गप्प करू नका. उपरणं खांद्यावर ठेवूनच विचारा, 'लढाल हो, तुम्ही शूर आहात. पण हुकूम राजांचा आहे. तो मोडून लढायचं?' वाद त्यांच्या-त्यांच्यात होऊ द्या.

दुसरी गोष्ट जास्त जपण्याची. मोगलांबद्दलचा राग कोणी वर्गातल्या मुसलमान मुलाकडे वळवला तर त्या क्षणी थाप द्या, उपरणं काढा आणि शिक्षक म्हणून बोला. तह करायला आलेले मिर्झाराजे जयसिंग राजपूत होते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या पदरी काझी हैदर होता. हे तुमच्या जिभेवर तयार हवं, पुस्तक शोधायला वेळ नसतो.

सोंग उतरवणं ही वेगळी पायरी आहे, ती गाळू नका. उपरणं घडी करून टेबलावर ठेवा, मुलांना हात झटकायला सांगा, खडूचा गड त्यांच्याकडूनच पुसून घ्या. मग फळ्यावर दोन रकाने: 'आपण कल्पना केलं' आणि 'इतिहासात नोंद आहे'. नाचणी ४० दिवसांची, जासूद, गळणारं कोठार हे पहिल्यात. १६६५, २३ किल्ले, ४ लाख होन हे दुसऱ्यात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे आणि मावळ्यांनी कोंढाणा परत घेतला, हेही दुसऱ्यात. हे रकाने केले नाहीत तर महिन्याभराने उत्तरपत्रिकेत 'कोठारात ४० दिवसांची नाचणी होती' असं येतं आणि चूक मुलाची नसते.

शेवटी आपापल्या भूमिकेतून पाच ओळींचं पत्र. कारखानिसाने भावाला लिहायचं, वाडीवरच्या बाईने माहेरी. निबंध लिहायला कंटाळणारी मुलंही इथे पाच ओळींवर थांबत नाहीत, कारण लिहायला काहीतरी असतं.

गणित आणि विज्ञान, थोडक्यात

आठवडी बाजार हा गणिताचा सोपा खेळ: पाच दुकानदार, बाकीचे गिऱ्हाईक, कागदी नोटा. त्यात एकच अट घाला की सुटे पैसे दुकानदाराने मोठ्याने मोजून द्यायचे. विज्ञानात 'उलटतपासणी' चालते. एक मूल खुर्चीत बसून पावसाचा थेंब किंवा गांडूळ होतं आणि वर्ग प्रश्न विचारतो. एकट्याला उत्तरं सुचत नाहीत, म्हणून एका गांडुळाच्या मागे दोन 'सल्लागार' उभे करा.

खेळानंतरची दहा मिनिटं

वेळ कमी पडला की सगळे शिक्षक पहिली कात्री इथेच लावतात. खेळ पाच मिनिटं आधी तोडा, पण बोलण्याची दहा मिनिटं राखा. मुलं गोलात खाली बसलेली हवीत, तुम्हीही खाली. 'मजा आली का?' हा प्रश्न विचारू नका, त्याला तीस 'हो' मिळतात. 'कोणत्या क्षणी तुम्ही अडलात?', 'पुन्हा केलं तर काय बदलाल?', 'तळ्यात उडी का मारलीस?' असे विचारा. कोणाच्या अभिनयाची तारीफ करू नका, नाहीतर पुढच्या तासाला सगळे बाईंकडे बघत खेळतात. 'तू कोठार गळतंय म्हणालीस, त्यामुळे सगळ्यांना पावसाचा विचार करावा लागला,' असं नेमकं सांगा.

बुजरं मूल असेल तर त्याला पहिल्या महिन्यात एकट्याने बोलायला लावू नका. गटाने एकत्र म्हणायची ओळ द्या, मूक काम द्या. त्याला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेऊ नका. ती सवलत मुलांच्या लगेच लक्षात येते आणि चिकटून बसते. तोतरं बोलणाऱ्या मुलाला पात्राच्या आवाजात बोलणं पुष्कळदा सोपं जातं, पण ते त्याला आपलं आपण सापडू द्या, सुचवू नका.

तास संपल्यावर वहीत तीन नावं टिपा: आज कोण एकदाही बोललं नाही. पुढच्या तासाला तळ्यात-मळ्यातचं राज्य किंवा डफ त्यांच्यापैकी एकाच्या हातात द्या.